शाळेच्या कमानीवरील मधुमालती आणि पिठ्या ढेकूण

(परिसर अभ्यास व सामान्य विज्ञान यांच्या अध्यापनास उपयुक्त)

ज्या शाळेच्या फाटकावर मधुमालती चढलेली असते, त्या शाळेची खूण गावात पुष्कळदा त्या वेलीवरूनच सांगितली जाते. सायंकाळी पांढरी उमललेली फुले दुसऱ्या दिवशी गुलाबी व तिसऱ्या दिवशी लाल होतात, आणि एकाच घोसात तीन रंग कसे, असे न विचारणारे मूल विरळा. परंतु हीच वेल एखाद्या वर्षी अकस्मात निस्तेज होते. कोवळे शेंडे आखडतात, कळ्या न उमलता गळतात, पानांच्या बेचक्यांत कापसाचे पुंजके अडकल्यासारखे दिसतात. खालची पाने हाताला चिकट लागतात आणि थोड्याच दिवसांत त्यांवर काजळीसारखा काळा थर चढतो.

अशा वेळी पहिले निदान बहुधा चुकीचे होते. "वेलीला बुरशी लागली," असे कोणी सांगतो, आणि गंधकाची भुकटी किंवा चुलीतील राख वेलीवर उधळली जाते. काळा थर बुरशीचा असतो हे खरे. परंतु ती बुरशी आजाराचे कारण नसून परिणाम आहे. पांढरे पुंजके मात्र बुरशीचे मुळीच नाहीत. ते जिवंत कीटक आहेत. कृषी विभागाच्या पुस्तिकांतून त्यांना 'पिठ्या ढेकूण' म्हणतात, आणि अंगावर पीठ चोळल्यासारखे दिसणाऱ्या या प्राण्यास ते नाव शोभतेही.

दुसरी चूक याहून गंभीर आहे. राखेने काही होत नाही असे दिसल्यावर एखाद्या पालकाच्या शेतातील उरलेली बाटली शाळेत येते. रविवारी पाठीवरच्या पंपाने फवारणी होते, वेल आठ-पंधरा दिवस स्वच्छ दिसते आणि तिसऱ्या आठवड्यात पांढरे पुंजके पूर्वीइतकेच, कधी पूर्वीपेक्षा अधिक, हजर होतात. मग अधिक तीव्र 'औषध' शोधले जाते. या किडीच्या चिवटपणाचे कारण न समजल्यामुळे हे चक्र चालू राहते. आणि ते कारण समजावून घेण्यासाठी शाळेइतकी योग्य जागा दुसरी नाही.

शाळेच्या आवारात विष नको

किडीचा विचार करण्यापूर्वी ही गोष्ट पक्की करावी. 16 जुलै 2013 रोजी बिहारमधील सारण जिल्ह्यातील एका गावच्या प्राथमिक शाळेत दुपारचे भोजन घेतल्यानंतर 23 मुले मृत्यू पावली. अन्नात मोनोक्रोटोफॉस हे शेतातील कीटकनाशक मिसळलेले आढळले. विषाची बाटली व स्वयंपाकाचे साहित्य एकमेकांच्या जवळ आले की काय घडू शकते, ते त्या दिवशी दिसले. महाराष्ट्रातही 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. ती प्रौढ माणसे होती, फवारणीची सवय असलेली होती.

मधुमालतीच्या बाबतीत धोका आणखी एका मार्गाने येतो. मुले तिची लांब नळीची फुले तोडतात, देठाकडून चोखतात, त्यांच्या वेण्या गुंफतात. काही कीटकनाशके वनस्पतीच्या रसात भिनून सर्व भागांत पोहोचतात. त्यांना आंतरप्रवाही म्हणतात. अशी वेल वरून धुतल्याने निर्विष होत नाही. शिवाय पोषण आहाराची पंगत अनेक शाळांत याच सावलीत बसते. म्हणून फुलवेलीच्या शोभेसाठी शेतातील कीटकनाशक शाळेत आणू नये, उरलेली बाटली कपाटात ठेवू नये आणि रिकामी बाटली कोणत्याही कामास वापरू नये. शेतकऱ्याचा पंपही मागून आणू नये. त्यात पूर्वीच्या विषाचा अंश असतो, आणि तो तणनाशकाचा असल्यास किडीबरोबर वेलही जळते.

येथे भाषेचाही एक प्रश्न आहे. आपल्याकडे कीटकनाशकास सर्रास 'औषध' म्हणतात. लहान मुलाच्या मनात औषध म्हणजे आजार बरा करणारी वस्तू. शिक्षकांनी वर्गात बोलताना 'विष' हाच शब्द वापरावा. बाटलीवरील चौकोनातील रंगीत त्रिकोणाची ओळख चित्र काढून करून द्यावी: लाल सर्वांत अधिक विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा व हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे, हेही त्याच वेळी सांगावे. या माहितीचा उपयोग मुलांना घरी होतो.

कीटकाचे निरीक्षण

एक कीडग्रस्त डहाळी कापून पांढऱ्या कागदावर ठेवावी व भिंगातून मुलांना दाखवावी. पुंजक्यात तीन-चार मिलिमीटर लांबीचे, मऊ, चपट्या अंगाचे, पंख नसलेले कीटक दिसतात. या माद्या होत. नर अतिशय लहान, पंख असलेला व अल्पायुषी असतो. त्याला काही खाताही येत नाही. तो वर्गात सापडला नाही तर निराश होण्याचे कारण नाही. मादीच्या मागील बाजूस कापसासारखी पिशवी दिसली तर तिच्यात अंडी असतात. बहुतेक जातींत एक मादी शेकडो अंडी घालते. उष्ण हवेत ती आठवड्या-दीड आठवड्यात फुटतात आणि पिवळसर, ठिपक्याएवढी पिल्ले बाहेर येऊन चालू लागतात. त्या वेळी त्यांच्या अंगावर मेण नसल्यासारखेच असते. महिन्याभरात तीही अंडी घालण्यास तयार होतात.

आता एक प्रयोग करावा. पुंजक्यावर साध्या पाण्याचा एक थेंब अलगद सोडावा. अळूच्या पानावरच्या थेंबासारखा तो गोल राहतो आणि घरंगळून जातो. कीटक कोरडाच राहतो. नंतर साबणाच्या पाण्याचा थेंब सोडावा. तो पसरतो, पांढरे पीठ ओले होऊन बसते आणि आतील गुलाबी वा पिवळसर अंग दिसू लागते. साबणामुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, ही सामान्य विज्ञानातील एरवी कोरडी वाटणारी गोष्ट या एका थेंबात मुलांना कळते. फवारणी का फसते, हेही येथेच कळते. मेणाखालचा कीटक व पिशवीतील अंडी यांच्यापर्यंत पाणी पोहोचतच नाही. मोठे कीटक मेले तरी अंडी राहतात; आठ-दहा दिवसांनी ती फुटतात आणि पाहणाऱ्यास वाटते की कीड पुन्हा 'आली'. ती गेलेलीच नव्हती.

राख व भुकटी का उपयोगी पडत नाही, त्याचे कारण तोंडाच्या रचनेत आहे. अळी पान कुरतडते, तेव्हा पानावरची भुकटी तिच्या पोटात जाते. पिठ्या ढेकूण पान खात नाही. सुईसारखी सोंड खुपसून आतला रस पितो. पृष्ठभागावर काय पडले आहे याचे त्याला सुखदुःख नाही.

मुंग्या

वेलीच्या खोडावरून वर-खाली जाणारी मुंग्यांची रांग दिसली की एखादे मूल विचारतेच, "गुरुजी, मुंग्या वेल खातात का?" या प्रश्नाचे उत्तर लगेच देऊ नये. दोन मुलांस रांगेच्या मागे जाण्यास सांगावे. रांग पांढऱ्या पुंजक्यापाशी संपते असे त्यांना आढळेल. धीर धरून पाहिल्यास मुंगी आपल्या मिशांनी कीटकास हळूच चाचपते व त्याच्या मागून बाहेर आलेला थेंब पिते, हेही दिसेल.

त्या थेंबाचे रहस्य असे. वेलीच्या रसात साखर पुष्कळ, परंतु शरीर वाढविणारी नत्रयुक्त द्रव्ये थोडी असतात. ती पुरेशी मिळावीत म्हणून कीटकास फार रस प्यावा लागतो, आणि नको असलेली साखर तो पातळ, गोड चिकट्याच्या रूपाने बाहेर टाकतो. पाने चिकट होतात ती याने. त्याच चिकट्यावर काळी बुरशी वाढते आणि पानावरचा सूर्यप्रकाश अडवते. द्राक्षबागायतदारांस ही साखळी चांगली परिचित आहे. नाशिक-सांगलीकडे घडावर पिठ्या ढेकूण आला की चिकटा व काजळी यांमुळे घड बाजारात नेण्याजोगा राहत नाही.

मुंग्या या गोड थेंबासाठी ढेकणांची राखण करतात. त्यांना खाण्यास आलेल्या कीटकांस हुसकावून लावतात व पिल्लांस नव्या शेंड्यांवर वाहूनही नेतात. गवळी गुरे राखतो तसे हे झाले, अशी उपमा मुलांना आवडते व ती फारशी चूकही नाही. यावरून काम कोठे सुरू करावयाचे ते ठरते. मुंग्यांची वाट न तोडता ढेकणांमागे लागणे म्हणजे राखणदार जागा असताना गोठ्यात शिरणे होय.

मित्रकीटकांची ओळख

हा भाग घाईने उरकू नये, कारण येथे झालेली चूक सर्व मेहनत वाया घालवते. पिठ्या ढेकणांस खाणारे कीटक निसर्गात आहेत. त्यांतील ढालकिडे मुलांच्या ओळखीचे असतात. पाठीवर ठिपके असलेला लाल किंवा नारिंगी ढालकिडा पाटीवर चालविण्याचा खेळ अनेकांनी खेळलेला असतो. परंतु 'क्रिप्टोलीमस' नावाचा एक ढालकिडा वेगळा आहे. तो सुमारे चार मिलिमीटर लांब, काळसर पाठीचा असून त्याचे डोके व पाठीचे मागचे टोक नारिंगी असते. मूळचा हा ऑस्ट्रेलियातील. 1898 साली तो दक्षिण भारतात कॉफीवरील किडीसाठी आणण्यात आला. आज पिठ्या ढेकणांविरुद्ध तो प्रयोगशाळांत वाढवून बागांत सोडला जातो.

गंमत अशी की, या ढालकिड्याची अळी स्वतःच पांढऱ्या मेणाच्या झुपक्यांनी झाकलेली असते. उत्साही विद्यार्थी तिला मोठा ढेकूण समजून प्रथम चिरडतो! दोघांतील भेद मुलांकडून पाठच करून घ्यावा. ढेकूण एका जागी बसून असतो किंवा अतिशय मंद सरकतो; अळी चपळपणे चालते. ढेकूण तीन-चार मिलिमीटरचा, तर पूर्ण वाढलेली अळी त्याच्या दुप्पट-तिप्पट लांब असते, आणि तिच्या अंगावरील मेणाचे झुपके लांब व विसकटलेले दिसतात. शंका असल्यास तो प्राणी ढेकणांच्या डहाळीसह काचेच्या बरणीत ठेवावा, तोंडाला मलमलीचे फडके बांधावे आणि दुसऱ्या दिवशी पाहावे. ढेकूण कमी झाले असतील तर तो मित्र होय. त्यास पुन्हा वेलीवर सोडावे.

मित्रकीटकांचे सामर्थ्य किती असते, याचे एक जुने उदाहरण आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात संत्र्या-लिंबांच्या बागा पिठ्या ढेकणाच्या नात्यातल्याच एका पांढऱ्या खवले किडीने नष्ट होऊ लागल्या होत्या. 1888 साली आल्बर्ट कोबेले नावाच्या कीटकशास्त्रज्ञास ऑस्ट्रेलियात पाठविण्यात आले. त्याने तेथून पाठविलेले ढालकिडे सारे मिळून पाचशेच्या आसपास होते. दोन वर्षांच्या आत बागा सावरल्या. पुढे 1940 नंतरच्या दशकात त्याच भागात डी.डी.टी.ची फवारणी सुरू झाली, तेव्हा ढालकिडे मेले आणि दबलेली कीड पुन्हा उसळली. रविवारच्या फवारणीनंतर शाळेतील वेलीवर कीड वाढण्याचे एक कारणही हेच आहे.

दुसरे उदाहरण आपल्याकडील. 2008 साली कोइंबतूर येथे पपईवरील एका परदेशी पिठ्या ढेकणाची नोंद झाली. थोड्याच काळात तो तमिळनाडूबाहेर पसरला, महाराष्ट्रातही आला. पपईखेरीज तुती, जास्वंद व गाजर गवत यांवरही तो वाढला. 2010 साली पोर्टो रिकोहून एक अतिसूक्ष्म गांधीलमाशी आणून सोडण्यात आली. ती ढेकणाच्या शरीरात अंडी घालते व तिचे पिल्लू आतून त्याला खाते. त्यानंतर कीड पुष्कळ आटोक्यात आली. या हकिगतीतील गाजर गवताचा उल्लेख विसरू नये. कुंपणालगत गाजर गवत माजलेले असेल तर वेल कितीही स्वच्छ केली तरी नवी कीड शेजारीच तयार होत राहते. ते फुलावर येण्यापूर्वी मोठ्या माणसांनी हातमोजे घालून उपटावे. त्याच्या स्पर्शाने पुष्कळांच्या अंगास खाज सुटते, म्हणून हे काम मुलांस सांगू नये.

वेलीची शुश्रूषा

प्रथम फार ग्रासलेले शेंडे कापावेत. मधुमालतीस फुले नव्या फुटीवर येतात, त्यामुळे कापणीने वेलीचे नुकसान होत नाही. दाट गुंता विरळ झाल्याने वारा व ऊन आत जाते, हा वरचा लाभ. कापलेल्या डहाळ्या फरफटत नेऊ नयेत आणि कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नयेत. साबणाच्या पाण्याची बादली वेलीखालीच ठेवावी व कापलेला भाग सरळ तिच्यात बुडवावा.

नंतर मुंग्यांची वाट. खोडाभोवती वीतभर रुंदीची कापडी पट्टी घट्ट बांधून तिच्यावर गाडीचे वंगण जाडसर लावावे. वंगण थेट सालीस लावू नये. मात्र खोड बंद केले तरी मुंग्या कमानीच्या खांबावरून, भिंतीवरून किंवा ध्वजस्तंभाच्या दोरीवरूनही वेलीवर पोहोचतात. अशा सर्व वाटा शोधण्याचे काम मुलांवर सोपवावे. मोठ्यांच्या नजरेतून निसटलेला पूल एखादे मूल अर्ध्या तासात शोधून काढते.

आता साबण. कपडे धुण्याच्या साध्या वडीचा 5 ते 10 ग्रॅम कीस 1 लिटर पाण्यात विरघळवावा. 10 ग्रॅम म्हणजे 100 ग्रॅमच्या वडीचा दहावा भाग. धुण्याची पूड वापरू नये, तिने पाने करपतात. विहिरीचे वा कूपनलिकेचे पाणी जड असेल तर साबणाचा साका होतो व गुण उतरतो. तेथे साठविलेले पावसाचे पाणी घ्यावे. आधी चार-पाच पानांवर फवारून दोन दिवस वाट पाहावी. पाने ठीक राहिली तर सायंकाळी ऊन उतरल्यावर पानांच्या खालच्या बाजूस व बेचक्यांत फवारावे आणि तासाभराने वेल साध्या पाण्याने धुवावी. साबण ओला असतानाच काम करतो. वाळल्यावर त्याचा उपयोग नाही. ज्या कीटकावर तो पडला नाही, तो कीटक वाचला असे समजावे. म्हणून जाड खोडावरील पुंजके जुन्या दात घासण्याच्या ब्रशने साबणाचे पाणी लावून घासणे हा फवारणीहूनही खात्रीचा उपाय आहे. कमानीच्या वरचा भाग शिक्षकांनी करावा. मुलांना शिडीवर चढवू नये. मुलांनी हाताच्या उंचीपर्यंतचे काम करावे, पाणी डोळ्यांत जाऊ देऊ नये व शेवटी हात धुवावेत.

मृगाच्या सुमारास निंबोण्या पिकतात. गावात कडुनिंब असल्यास त्या मुलांकडून वेचून, धुऊन, सावलीत वाळवून ठेवाव्यात. 50 ग्रॅम निंबोळ्या कुटून 1 लिटर पाण्यात रात्रभर भिजवाव्यात, सकाळी फडक्यातून गाळून त्यात थोडा साबण मिसळावा व त्याच दिवशी सायंकाळी फवारावे. या अर्काने कीटक तत्काळ मरत नाहीत. त्यांची भूक मंदावते व पिल्लांची कात टाकण्याची क्रिया बिघडते. दुसऱ्या दिवशी कीटक जिवंत दिसले म्हणून प्रमाण वाढवू नये.

हे सारे आठ-दहा दिवसांच्या अंतराने तीन-चार वेळा करावे. अंडी फुटण्यास लागणारा अवधी मुलांना ठाऊक झालेला असतो. हे अंतर कोठून आले, ते त्यांनीच सांगावे. वेलीस युरिया देण्याचा मोह टाळावा. नत्र अधिक झाले की कोवळी, रसाळ फूट येते आणि ढेकणांस मेजवानी मिळते.

नोंदवही

तीन सारख्या डहाळ्या निवडून त्यांना लाल, निळा व पांढरा दोरा बांधावा. लाल दोऱ्याच्या डहाळीवर साबणाचे पाणी, निळ्यावर केवळ साध्या पाण्याचा जोरदार फवारा आणि पांढऱ्यावर काहीच नाही, असा क्रम चार आठवडे ठेवावा. दर शनिवारी प्रत्येक डहाळीवरील पुंजके मोजावेत, आकडे फळ्यावर लिहावेत. गणिताच्या तासाला त्यांचा स्तंभालेख काढता येतो. सर्वच मुले एकाच वेळी मोजू लागली तर धक्क्याने ढेकूण गळतात व आकडे बिघडतात, म्हणून दोघा-दोघांच्या पाळ्या लावाव्यात. मोजणाऱ्यांत मतभेद झाल्यास दोन्ही आकडे लिहावेत. कधी कधी पांढऱ्या दोऱ्याच्या डहाळीवरील ढेकूण आपोआप कमी होतात. तेव्हा तेथे ढालकिड्याची अळी किंवा आदल्या रात्रीचा मोठा पाऊस यांचा शोध घ्यावा, आणि जे आढळेल ते नोंदवहीत त्या शनिवारच्या आकड्यांपुढे लिहून ठेवावे.

दिवाळीनंतर हवा कोरडी होते आणि पुढे ऊन वाढू लागले की कीडही वाढू लागते. त्या काळात दर शनिवारी दोन विद्यार्थ्यांनी खोडावर मुंग्यांची नवी रांग दिसते का, एवढेच पाहावे. पांढरा पुंजका डोळ्यांत भरण्याच्या कितीतरी आधी ती दिसते, आणि तेव्हा एक ब्रश व अर्धी बादली साबणाचे पाणी यांवर काम भागते.